नवे सुचते एकाला, टिकते कुणामुळे?

प्रश्न : जळगावच्या एमआयडीसीत आमचा प्लॅस्टिक चटईचा लहान कारखाना आहे. चौदा माणसे आहेत. दर वर्षी नवे काही काढले नाही तर बाजारात टिकणे कठीण, हे आम्हाला कळते. पण माझा मुलगा म्हणतो, नवे शोधणे मोठ्या कंपन्यांनाच परवडते. मला वाटते, ती ज्याची त्याची देणगी असते; आमच्यात तसे कुणी नाही. नवे सुचणे ही एकट्या माणसाची देणगी, की कारखान्यालाही ती सवय लावता येते?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : तुमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर आसोदे आहे. तिथे 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्यांना ओव्या सुचत आणि वाऱ्यावर जात. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी त्यातल्या काही वहीत उतरवून घेतल्या. बहिणाबाई 1951 च्या डिसेंबरात गेल्या. ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी तिचे मोल ओळखले आणि 1952 मध्ये पुस्तक निघाले. आज तुमच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे.

सुचणे सर्वस्वी त्यांचे होते, त्यात वाटेकरी कुणी नाही. पण घरात वही नसती, तर आपल्यापर्यंत काय पोचले असते? म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : सुचते ते एका माणसाला, आणि ते कुणाला सुचेल हे आपल्या हाती नाही. सुचलेले ऐकून घेणे, उतरवणे आणि करून पाहणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. संस्था एवढेच करू शकते, आणि तेवढे पुष्कळ आहे.

कारखान्याचेच उदाहरण हवे, तर ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये घरच्या सात हजार रुपयांवर रॉकेलचा व्यापार सुरू केला. पुढे शेतीला लागणाऱ्या वस्तूंची विक्री आली. शेतकरी काय मागतो आणि कशाला वैतागतो, हे त्यांना गल्ल्यावर बसून कळत गेले. 1978 मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना घेतला. भुकटीला गिऱ्हाईक नव्हते. यंत्रणेत फेरबदल करून तिथे कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात झाली. मांस मऊ करायला, औषधांत आणि बिअर नितळ ठेवायला पपेन लागते, त्यामुळे माल परदेशी गेला. पपई शेतात होती, यंत्रे कारखान्यात होती आणि मागणी समुद्रापार होती. नवेपणा या तिन्हींची सांगड घालण्यात होता.

जैन यांची कंपनी पुढे ज्या ठिबक सिंचनासाठी ओळखली गेली, त्याचे तर मूळच जळगावचे नाही. इस्रायलमध्ये सिम्खा ब्लास या जलअभियंत्याने गळक्या नळाजवळचे एक झाड आजूबाजूच्या झाडांपेक्षा जोमदार वाढलेले पाहिले. पुढे स्वस्त प्लॅस्टिक आले आणि 1965 मध्ये तिथल्या एका किबुट्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, ठिबकच्या नळ्या बनवणारी कंपनी उभी राहिली. जैन यांनी 1980 च्या सुमारास पीव्हीसी पाइप आणि त्या दशकाच्या अखेरीला ठिबक हाती घेतले, तेव्हा ही कल्पना जगाला नवी नव्हती. पण रावेर-यावलच्या शेतकऱ्याला मोकाट पाण्याची सवय. पाट भरून वाहिल्याशिवाय केळी भिजली असे त्याला वाटत नसे. त्यात विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांनी ड्रिपर चोंदत. नळी विकून मोकळे झाले असते, तर ती गुंडाळून गोठ्यात पडली असती. म्हणून शेताची मापे घेऊन आराखडा करणे, गाळणी बसवून देणे, बांधावर जाणारा कृषितज्ज्ञ ठेवणे आणि आधी स्वतःच्या माळरानावर पीक उभे करून दाखवणे, हे सारे नळीसोबत द्यावे लागले.

नव्वदच्या दशकात ग्रँड नैन केळीची ऊतिसंवर्धित रोपे आली. पूर्वी कंद लावले की बाग मागेपुढे निसवायची, घड हाती यायला दीड वर्ष लागायचे. एकसारखी रोपे, ठिबक आणि नळीतूनच दिलेले खत यांनी ते पीक अकरा-बारा महिन्यांवर आणले. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन्ही हंगामांचे गणित बदलले. हा बदल एका माणसाच्या ध्यासातून सुरू झाला हे खरे. पण तो शेतात उतरला तो प्रयोगशाळेतल्या, गोदामातल्या आणि बांधावरच्या शेकडो हातांमुळे.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगायलाच हवी. वाढत्या पसाऱ्याबरोबर कर्ज वाढले आणि 2019 मध्ये जैन यांची ही कंपनी कर्जफेडीत अडचणीत आली; पुढे कर्जाची फेररचना करावी लागली. नवे सुचण्याने रोकडीचा हिशेब सुटत नाही. लहान कारखान्याने तर प्रयोगाचा खर्च आधी ठरवावा आणि त्या आत राहावे.

आता धुळे जिल्ह्याकडे वळू, कारण मोठ्या कंपनीचेच हे काम, या तुमच्या मुलाच्या म्हणण्याला उत्तर तिथे आहे. भूजल सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी शिरपूरचे नेते अमरिशभाई पटेल यांच्या पुढाकाराने 2004 पासून शिरपूर तालुक्यात काम सुरू केले. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत चिकणमातीचे थर पाणी खाली जाऊ देत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी नाले रुंद आणि इतके खोल केले की पाण्याला पाझरणारा थर लागावा. त्यावर सिमेंटचे बंधारे बांधले, तेही बिनदाराचे. दारे म्हटली की ती गळतात, चोरीला जातात, वेळेवर टाकायची कुणी यावर वाद होतो. दारच काढून टाकल्यावर हे प्रश्न उरले नाहीत. भूगर्भाचे ज्ञान एका माणसाचे, पैसा स्थानिक सहकारी सूतगिरणीसारख्या संस्थांचा आणि गरज गावकऱ्यांची. या ‘शिरपूर पॅटर्न’वर तज्ज्ञांचे आक्षेपही आहेत. पण नवे म्हणजे नेहमी काही जोडणेच नव्हे, काढून टाकणेही असते, ही शिकवण त्यातून घेता येते.

त्याहून जुने उदाहरण त्याच जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी आहे. तिथल्या फड पद्धतीला तीन-चारशे वर्षे झाली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांचे एकच पीक, आणि बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली. पाणी कमी पडले तर कमी फड भिजवायचे. मग झळ एकट्याला न बसता सगळ्यांत वाटली जाते. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. यात यंत्र एकही नाही. शोध आहे तो माणसांनी एकमेकांशी वागण्याच्या रीतीचा, आणि तो कोणाचा हे कुणालाच ठाऊक नाही. मला स्वतःला खानदेशातल्या सगळ्या शोधांत हा सर्वांत थोर वाटतो.

आता तुमचा कारखाना. ‘आमच्यात तसे कुणी नाही’ असे तुम्ही लिहिले आहे. लूमवर दिवसाचे आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला धागा कुठे तुटतो, कोणत्या दाण्याची चटई लवकर ठिसूळ होते, कोणता काठ उसवतो, हे तुमच्याआधी कळलेले असते. तो बोलत नाही, कारण मागे कधी बोलला तेव्हा कुणी तरी ‘तू तुझे काम कर’ म्हटलेले असते. खूप कारखान्यांत हेच घडते.

म्हणून एक वही ठेवा. आठवड्यातून एकदा, काम सुटायच्या अर्धा तास आधी, प्रत्येकाला एकच विचारा : या आठवड्यात कशाने त्रास दिला? उपाय लगेच मागू नका. सांगेल ते त्याच्या शब्दांत, तारीख घालून, त्याच्या नावासह लिहा. महिन्यातून एक गोष्ट निवडा आणि एकाच लूमवर, ठरलेल्या पैशात करून पाहा. शेतकरीही नवे बियाणे आधी दोन सऱ्यांतच लावून पाहतो. फसले तर तेही वहीत लिहा, म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा त्याच खड्ड्यात पाय पडणार नाही. साधले आणि पैसे वाचले, तर ज्याने सांगितले त्याला त्यातला वाटा चौघांदेखत द्या.

पहिले काही आठवडे वही बहुधा कोरी राहील. तरी बंद करू नका. वहीत लिहिलेले खरेच करून पाहिले जाते, हे एकदा लूमवर दिसले की माणसे बोलू लागतील. आणि वही लिहिण्याचे काम मुलाकडे द्या. सोपानदेवांनी आईसाठी केले, तेच त्याने तुमच्या चौदा माणसांसाठी करावे.