धोका सांगण्याची रीत

शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्रावर रुग्णाची अथवा आप्तांची स्वाक्षरी घेतली जाते. कार्यालयाच्या दृष्टीने तेथे काम संपते. रुग्णाच्या मनात मात्र डॉक्टरांनी सांगितलेला धोका तेव्हाच घर करून बसतो, आणि तो कोणत्या शब्दांत सांगितला गेला यावर पुढील निर्णय बऱ्याच अंशी अवलंबून असतो.

वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने मला हे प्रथम पटत नसे. शंभरांत नव्वद वाचतात म्हटले काय आणि दहा दगावतात म्हटले काय, ताळा एकच! परंतु १९८२ साली बार्बरा मॅक्नील, अमोस ट्वर्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास निराळे सांगतो. फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की किरणोपचार, असा कल्पित प्रश्न त्यांनी रुग्ण, विद्यार्थी व डॉक्टर यांच्यापुढे ठेवला. शस्त्रक्रियेच्या सुमारास शंभरांपैकी दहा दगावतात, किरणोपचारांच्या काळात कोणी नाही. पण पाच वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेले ३४ हयात असतात, किरणोपचार घेतलेले २२. हेच आकडे काहींना जगण्याच्या भाषेत सांगितले, काहींना मृत्यूच्या. पहिल्या गटातील १८ टक्के लोकांनी किरणोपचार पसंत केले, तर दुसऱ्या गटातील ४४ टक्के लोकांनी. डॉक्टरांचा कलही शब्दांबरोबर बदलला, हे विशेष.

‘दुप्पट’ हा शब्दही असाच फसवा. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा देण्यात आला. प्रत्यक्षात सात हजारांत एकाऐवजी दोन, एवढाच तो फरक होता. घाबरून अनेक स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाल्याचा अंदाज आहे. गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही अधिक असतो, ही गोष्ट त्या गडबडीत मागे पडली.

दूरची उदाहरणे कशाला? काही वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडलेल्या एका वृद्ध मातेस आमच्याकडे आणले होते. वयामुळे भूल देण्यात जोखीम आहे, असे सांगून आम्ही मुलापुढे कागद ठेवला. त्याने आईला घरी नेले. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा पाठीस शय्याव्रण झाले होते आणि छातीत संसर्ग होता. मुलगा म्हणाला, “साहेब, अंथरुणावर पडून राहिल्याने असे होते, हे कुणी बोललेच नाही.” त्याचे म्हणणे खरे होते. आम्ही एकच बाजू सांगितली होती. ती माउली वाचली नाही.

त्यानंतर संमतिपत्राचा मसुदा बदलला. शस्त्रक्रिया न केल्यास काय संभवते, हा रकाना त्यात आला. धोका ‘शंभरांत किती’ असा, वाचणारे व दगावणारे दोन्ही सांगून, लिहिला जातो. नंतर परिचारिका आप्तांना म्हणते, “दादा, आता तुम्हाला काय समजले ते तुमच्या शब्दांत सांगा.” घाईच्या दिवशी हे राहूनही जाते, हे प्रांजळपणे नमूद करतो. या संभाषणास एका कुटुंबामागे साधारण वीस मिनिटे लागतात आणि बिलात त्याचे शीर्ष नाही. त्यासाठी एका समुपदेशिकेचे पद निर्माण करण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.