पाठ : उभ्या गाडीचा श्वास

वाचण्यापूर्वी : सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचा आवाज आठवा. तो एकसारखा असतो की कमीजास्त होतो?

मागच्या जुलैतली गोष्ट. आम्ही खलिफा सिटीहून अबू धाबी शहराकडे निघालो होतो. बाहेर कडक ऊन होतं, म्हणून गाडीत एसी जोरात चालू होता. सिग्नलला गाडी थांबली. इंजिन दोनदा थरथरलं आणि बंद पडलं. मागून हॉर्न सुरू झाले.

"बाबा, तू गाडी बंद केलीस का?" मुलीनं विचारलं.

"मी नाही गं, तीच बंद पडली!"

गाडी पुन्हा सुरू झाली, पण पुढच्या सिग्नलला तेच. मग मी एसी बंद केला. आता गाडी बंद पडेना. आम्ही घामाघूम होऊन घरी पोचलो. आदल्याच दिवशी मी नवी बॅटरी बसवून घेतली होती. मला वाटलं, बॅटरीच खराब निघाली.

गाडी उभी असली तरी इंजिन फिरत असतं. त्या वेगाला 'आयडल स्पीड' म्हणतात. गरम झालेलं पेट्रोल इंजिन साधारणपणे मिनिटाला ६५० ते ८५० फेरे घेतं. ७२० फेरे धरले, तर सेकंदाला १२!

पेट्रोल जळायला हवा लागते. हवेच्या वाटेवर 'थ्रॉटल' नावाची गोल झडप असते. आपण ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते. पाय काढला की जवळजवळ मिटते, फक्त बारीक फट राहते. उभ्या गाडीचं इंजिन तेवढ्याच हवेवर चालतं. हवा कमी पडली की ते बंद पडतं.

माझ्या लहानपणी आमच्याकडे बजाज चेतक स्कूटर होती. तिच्या कार्ब्युरेटरला एक स्क्रू होता. माझे बाबा तो थोडा थोडा फिरवायचे आणि कान देऊन आवाज ऐकायचे. आता हे काम गाडीतला कॉम्प्युटर करतो. एसी लावला की इंजिनावर कंप्रेसरचं ओझं येतं, म्हणून कॉम्प्युटर हवा वाढवतो. काही गाड्यांत त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत एक छोटी मोटर थ्रॉटलच थोडा जास्त उघडते.

दुसऱ्या दिवशी मी मुसफ्फातल्या एका गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकनं लगेच काही उघडलं नाही. आधी विचारलं, "हल्ली गाडीत काय बदललं?" मग स्कॅनर लावला. मग कुठल्या नळीतून हवा आत शिरते का, हे ऐकलं. तशी गळती असेल, तर आयडल वाढतं किंवा काटा वरखाली नाचतो. तसं नव्हतं. शेवटी त्यानं हवेचा पाइप काढून थ्रॉटल दाखवला. कडेला काळी काजळी!

ती काजळी एका दिवसात जमली नव्हती. फट हळूहळू बुजत होती, आणि कॉम्प्युटर झडप जरा जास्त उघडून ते सांभाळून घेत होता. किती उघडायची, हे त्यानं लक्षात ठेवलं होतं. बॅटरी बदलताना वीज तुटली आणि ती आठवण पुसली गेली. आळ आला बॅटरीवर, दोष होता काजळीचा.

मेकॅनिकनं थ्रॉटल साफ केला आणि कॉम्प्युटरला नवीन आयडल शिकवलं. मग एसी लावला. काटा जरासा खाली गेला आणि लगेच जागेवर आला.

मी कॉम्प्युटरवर काम करतो. प्रोग्राम बिघडला की आम्हीही आधी विचारतो, "शेवटी काय बदललं?" पण शेवटचा बदल हाच गुन्हेगार असतो असं नाही. कधी कधी तो जुना दोष फक्त उघडा पाडतो.

सावधान! बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो जीव घेऊ शकतो.

शब्दार्थ
फट – अरुंद मोकळी जागा
काजळी – धुराचा काळा थर
ओझं – भार, वजन
आळ येणे – खोटा आरोप होणे

प्रश्न
१. एसी बंद केल्यावर गाडी का बंद पडेना?
२. मेकॅनिकनं कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमानं केल्या?
३. 'आळ येणे' वापरून स्वतःचं एक वाक्य लिहा.
४. घरच्या गाडीत मोठ्यांसोबत बसा. गाडी उभी असताना एसी लावल्यावर काटा कसा हलतो, ते पाहून तीन वाक्यं लिहा.