बिडाचा जुना नळ : बदलावा की दुरुस्त करावा?

जुन्या इमारतींच्या मागच्या भिंतीवर सांडपाण्याचे जाड, काळे नळ तुम्ही पाहिले असतील. ते बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. असा नळ गळू लागला की ‘जुना झाला, काढून टाका’ असे आपण चटकन म्हणतो. पण नुसते वय हा पुरावा होतो का? फ्रान्समध्ये व्हर्साय येथे १६६४ साली घातलेल्या बिडाच्या नळांनी तीनशेहून अधिक वर्षे पाणी पुरवले. तेव्हा खरा प्रश्न असा, की नळात चांगले लोखंड किती उरले आहे?

करड्या बिडात साधारणतः ३ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. त्यातील बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. ग्रॅफाइट म्हणजे तुमच्या पेन्सिलीत असते तेच. ओलावा व आम्ल यांमुळे लोखंड हळूहळू निघून जाते आणि मागे ग्रॅफाइट व गंज उरतो. नळाचा आकार कायम राहतो, पण बळ जाते. असा नळ चाकूनेही खरवडला जातो.

आडव्या नळात तर एक गंमत घडते. सांडपाण्यातील जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. नळाच्या वरच्या ओलसर भागावर दुसरे जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनवतात. म्हणून पाणी तळातून वाहत असले तरी नळ वरूनही खंगतो!

माठ घेताना आपण तो वाजवून पाहतो. बिडाचा नळही तसाच हलकेच वाजवून पाहतात. अखंड नळ खणखणीत वाजतो. तडा असेल तर कंपनांची ऊर्जा तेथे खर्ची पडते आणि आवाज बद्द येतो. मात्र बीड ठिसूळ असते. ही परीक्षा जाणत्या प्लंबरनेच करावी.

आता उपाय पाहू. जुन्या सांध्यांत ताग ठासून त्यावर वितळलेले शिसे ओतलेले असते. सांधाच गळत असेल, तर ते शिसे पुन्हा ठोकून बसवता येते. एकाच जागी तडा असून भोवतालचा धातू टणक असेल, तर रबराचा पट्टा व क्लॅम्प पुरतो. तिसरा उपाय आतून अस्तर लावण्याचा. १९७१ साली लंडनमध्ये एरिक वूड यांनी रेझिनमध्ये भिजवलेली नमद्याची नळी गटारात घालून ती तेथेच कडक केली.

अस्तराने नळ अरुंद होतो, पण किती? आतला व्यास १०० मि.मी. आणि अस्तर ३ मि.मी. धरा. नवा व्यास ९४ मि.मी. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते; ०.९४ × ०.९४ = ०.८८. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १२ टक्क्यांनी घटते. अस्तर गुळगुळीत असल्याने घर्षण कमी होते व तूट काही अंशी भरून निघते.

परंतु नळ लांबवर मऊ पडला असेल, किंवा खचून त्याचा उतार बिघडला असेल, तर तो बदलणेच शहाणपणाचे. अस्तर खचलेला नळ उचलून धरत नाही.

अस्तर ५ मि.मी. जाडीचे असेल, तर क्षेत्रफळ किती टक्क्यांनी घटेल? तुम्हीच काढा.