दोन बादल्यांत मोटार

मुलांनो, मिनिटात १५ लिटर सोडणारी नळी दहा मिनिटं चालली, की १५० लिटर पाणी गेलं! दोन बादल्यांत, म्हणजे ३० लिटरात, मोटार लख्ख होते.

गाडी सावलीत लावा. उन्हात साबण वाळून डाग पडतात. आधी नुसत्या पाण्यानं धूळ भिजवून काढा. कोरडं फडकं फिरवलं की मातीचे कण रंगावर ओरखडे काढतात. मग टपापासून खाली. चाकं शेवटी, त्यांचं फडकं वेगळं. ओढ्यात तर गाडी घालूच नये. तेलकट पाणी ढोरं पितात.

आपल्या जिल्ह्यातलं धनेगावचं मांजरा धरण आटलं, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्यात नळीनं किती मोटारी धुतल्या असत्या? करा बरं भागाकार!