विनोदाचा ट्रान्सफॉर्मर : लंडनहून मालेगावला

होस्टेलच्या टीव्हीरूममध्ये एक गोष्ट कुणाच्याही लक्षात येईल. इंग्रजी मालिका लागली की निम्मी पोरं खालची अक्षरं वाचत बसतात. हसू उशिरा येतं, काहींना तर येतच नाही. पण 'मिस्टर बीन' लागला की वॉचमनकाकांपासून मेसच्या मावशींपर्यंत सगळे एकाच क्षणी हसतात. दोन्ही कार्यक्रम परदेशीच, मग हा फरक कशामुळे? विनोद एका देशातून दुसऱ्या देशात नेमका जातो तरी कसा? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. धुळ्याहून आग्रा रोडने साधारण ५० किलोमीटरवर ते सापडतं. पण आधी थोडी थिअरी पाहू.

प्रकार पहिला : शब्दच नकोत

मिस्टर बीन साकारणारा रोवन ॲटकिन्सन हा मुळात आपल्याच बिरादरीतला माणूस. न्यूकॅसलला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी आणि मग ऑक्सफर्डला त्याच विषयात मास्टर्स. १९८७ साली त्याने इंजिनिअरला शोभेल असा एक प्रयोग केला. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात विनोदाचा मोठा महोत्सव भरतो. तिथे इंग्रजी आणि फ्रेंच कार्यक्रम वेगवेगळे असतात. याने हट्टाने फ्रेंच कार्यक्रमात आपलं नाव घातलं. इंग्रजी न कळणारे लोक हसले तर आपलं पात्र जगात कुठेही चालेल, असा हिशोब होता. लोक हसले. १९९० ते १९९५ या काळात मालिकेचे अवघे १५ भाग निघाले आणि ते जगभर गेले. पहिल्याच भागात बीन परीक्षेला बसतो आणि शेजाऱ्याच्या पेपरात डोकावण्यासाठी काय काय करतो! एम-थ्रीचा पेपर दिलेल्याला त्याचं भाषांतर कशाला हवं?

प्रकार दुसरा : चित्र त्यांचं, आवाज आपला

'ताकेशीज कॅसल' हा १९८६ साली जपानमध्ये सुरू झालेला खेळ. माणसं दगडांवरून उड्या मारतात आणि धपकन पाण्यात पडतात. आपल्याकडे तो पोगो चॅनेलवर गाजला, पण कशामुळे? जावेद जाफरीच्या हिंदी कॉमेंट्रीमुळे. जपानी निवेदक काय बोलत होते याच्याशी तिचा काही संबंध नव्हता. पडणारा माणूस जपानचा, पण त्याला दिलेलं नाव आणि मारलेली कोपरखळी आपल्या गल्लीतली. म्हणजे पडण्याची गंमत तशीच्या तशी आली आणि शब्द मात्र इथेच तयार झाले.

प्रकार तिसरा : सांगाडा तोच, माती वेगळी

हा सर्वांत अवघड. 'माइंड युवर लँग्वेज' ही १९७७ ची ब्रिटिश मालिका. लंडनच्या एका वर्गात देशोदेशीचे लोक इंग्रजी शिकायला येतात आणि त्यांच्या चुकांवर प्रेक्षक हसतात. तिच्यावरून १९९३ साली दूरदर्शनवर 'जबान संभाल के' आली. वर्ग तसाच, पण हिंदीचा. शिक्षक झालेला पंकज कपूर हा मनासारखी नोकरी न मिळालेला इंजिनिअर (यावर जास्त बोलायला नको!). मुख्य बदल मात्र वेगळाच होता. लंडनच्या वर्गात भारतीय माणूस चुकत होता, तर इथल्या बाकावर टॉम ऑल्टरने रंगवलेला इंग्रज बसला आणि तो हिंदीत अडखळू लागला. सांगाडा तोच राहिला, हसण्याची दिशा बदलली.

आपल्या भाषेत सांगायचं तर विनोद हा ट्रान्सफॉर्मरसारखा आहे. प्रायमरी आणि सेकंडरी या दोन वाइंडिंगमध्ये तारेची जोडणी नसते, तरी ऊर्जा पलीकडे जाते. व्होल्टेज बदलतं, फ्रिक्वेन्सी तीच राहते. माणसाची फजिती, त्याचा हट्ट, त्याची हाव ही झाली फ्रिक्वेन्सी. ती लंडनला आणि लासलगावला सारखीच. नावं, खाणं, बोली, साहेब कोण आणि शिपाई कोण, हे झालं व्होल्टेज. ते न बदलता थेट जोडणी केली तर फ्यूज उडतो. शब्दांच्या कोट्या बऱ्याचदा वाटेतच संपतात, तो झाला लॉस.

मालेगावचं प्रॅक्टिकल

आता मालेगाव. जिल्हा नाशिक असला तरी आपला शेजार. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी सुट्टी आणि सुट्टीला सिनेमा. इथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास गावातल्याच लोकांना घेऊन 'मालेगाव के शोले' बनवला. घोडे परवडणारे नव्हते म्हणून डाकू सायकलींवर आले आणि बसंतीची झाली बासमती. नाइलाजातून आलेली सायकल हाच सगळ्यात मोठा विनोद ठरला.

मग त्यांनी हात घातला थेट सुपरमॅनला. अमेरिकेत १९३८ साली जन्मलेला हा वीर मालेगावात आला तेव्हा तो झाला यंत्रमागावर काम करणारा काडीपैलवान शफीक. हा सुपरमॅन उडतो, पण गावच्या धुळीने त्याला दमा लागतो. आता विचार करा. मूळ कॉमिकमध्ये सुपरमॅनची ताकद पाहून थक्क व्हायचं असतं. इथे त्याचा दमा पाहून हसू येतं, आणि हसता हसता गावची हवा कशी आहे तेही कळतं. ज्यांच्या छातीत मागावरचा कापूस रोज जातो त्यांना तो दमा समजावून सांगावा लागत नाही.

या सिनेमाच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. तो देशोदेशीच्या महोत्सवांत दाखवला गेला आणि २०१२ साली आपल्याकडे थिएटरात लागला. शफीक कॅन्सरने गेले. नासिर यांनी २०१० च्या सुमारास सब टीव्हीसाठी 'मालेगाव का चिंटू' केली. संवादांवर भर न देणारी, बीनच्या जातकुळीतली मालिका. पुढे रीमा कागती यांनी या मंडळींवर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' काढला. तो २०२४ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला आणि २०२५ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. गंमत बघा, सुपरमॅन पहिल्यांदा कागदावर काढणारा जो शुस्टर जन्मला टोरांटोतच! तिथल्या पोराच्या पेन्सिलीतून निघालेला वीर मालेगावचा दमा घेऊन माहेरी जाऊन आला.

हसायचं कुणावर?

इथे आपल्या होस्टेलचा प्रश्न येतो. गॅदरिंगच्या स्किटमध्ये हीरो शुद्ध बोलतो आणि अहिराणी बोलतो तो घरगडी, नाहीतर येडपट. 'काय व्हयनं रे भो?' एवढं म्हटलं की हॉलमध्ये हशा. पण त्यात विनोद कुठे आहे? ती तर साक्रीच्या, चोपड्याच्या घराघरातली रोजची भाषा. परिणाम असा होतो की फर्स्ट इयरला आलेला पोरगा पहिल्या सबमिशनच्या आत 'शे'चं 'आहे' करून टाकतो आणि घरून फोन आला की कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन हळू बोलतो. लंडनच्या त्या मालिकेवरही हीच टीका झाली होती की परदेशी माणूस साचेबंद रंगवायचा आणि त्याच्या उच्चारांवर हसायचं. १९७९ मध्ये ती बंद करण्यामागे हे एक कारण होतं.

याउलट यूट्यूबवरचा 'छोटू दादा' बघा. उंची कमी, पण गोष्टीत दादा तोच. पाणीपुरीची गाडी, ट्रॅक्टर, गल्लीतली भांडणं, सगळं आपल्याकडचं. नावातच 'खानदेश' लावलेले हे व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिले गेलेत. खानदेशीपणा लपवून ते बाहेर गेले नाहीत, मिरवत गेले.

तेव्हा यंदा स्किट बसवणाऱ्यांनी बाहेरची मालिका खुशाल उचलावी. फक्त स्क्रिप्ट लिहिताना तीन गोष्टी तपासाव्यात. शब्द काढून टाकले तरी प्रसंगात काही गंमत उरते का? मूळच्या घोड्याच्या जागी आपली सायकल सापडली का? आणि ज्याच्यावर हसतोय तो पहिल्या रांगेत बसला असेल तर त्यालाही हसू येईल का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर पात्रांची अदलाबदल करून बघा. अहिराणी बोलणाऱ्याला एकदा प्रिन्सिपल करा आणि शुद्ध बोलणाऱ्याला त्याच्यासमोर व्हायवाला उभं करा. हशा कमी पडणार नाही.