मुलांचे तळे आणि सील : एका पुळणीचा वाद

अमेरिकेतील सॅन डिएगो शहराच्या ला होया या भागात समुद्रकाठी 'चिल्ड्रन्स पूल', म्हणजे मुलांचे तळे, नावाची एक चिमुकली पुळण आहे. ती निसर्गनिर्मित नाही, हे आरंभीच ध्यानात घ्यावे. एलन ब्राउनिंग स्क्रिप्स या दानशूर बाईंनी स्वखर्चाने लाटा अडविणारी वळणदार भिंत बांधून दिली, ती १९३१ साली पूर्ण झाली. लहान मुलांना निर्धास्तपणे डुंबता यावे, हा तिचा हेतू. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने ही किनारपट्टी शहराकडे विश्वस्त या नात्याने सोपविली आणि सार्वजनिक उद्यान, मुलांचे स्नानतळे इत्यादी उपयोगांची नोंद त्या कायद्यात केली. पुढील सारा तंटा या चार शब्दांभोवती फिरतो.

भिंतीच्या आड वाळू साचत गेली, तळे उथळ झाले आणि १९९० नंतरच्या दशकात हार्बर सील मोठ्या संख्येने तेथे येऊन पहुडू लागले. आपल्याकडे सील नाहीत. पुस्तकांत 'सील मासा' असे वाचायला मिळते, पण तो मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे. त्याला विश्रांतीसाठी, अंगात ऊब धरण्यासाठी आणि पिलांना पाजण्यासाठी जमिनीवर यावेच लागते. या जातीच्या सीलला मागच्या पायांवर चालता येत नाही, तो पोटावर सरपटतो. माणसे जवळ आली की कळप घाबरून पाण्यात धावतो. अशा पळापळीत आई व पिलू यांची ताटातूट झाली, तर दुधावरचे पिलू जगणे कठीण. म्हणजे सुरक्षित जागा मुलांसाठी बांधली, आणि ती सुरक्षित आहे हे सीलांनीही ओळखले!

सीलांच्या विष्ठेमुळे पाणी दूषित झाले. १९९७ मध्ये शहराने तेथे पोहणे बंद केले. पोहणारे चिडले. २००४ साली एका नागरिकाने दावा लावला आणि २००५ मध्ये न्यायाधीश विल्यम पेट यांनी वाळू उपसून तळे पूर्ववत करावे, असा हुकूम दिला. वरच्या न्यायालयाने २००७ मध्ये तो कायम केला. इकडे १९७२ च्या संघराज्यीय कायद्याने सागरी सस्तन प्राण्यांना त्रास देण्यास मनाई. शहराची अवस्था इकडे आड, तिकडे विहीर अशी झाली. कुत्र्यांच्या भुंकण्याच्या ध्वनिफिती वाजवून सीलांना हाकलण्याची योजनाही विचारात घेतली गेली! अखेर २००९ साली राज्यानेच मूळ दानपत्रात दुरुस्ती करून 'सागरी सस्तन प्राण्यांचे उद्यान' हा उपयोग त्यात घातला.

सीलप्रेमींना येथे विजय दिसला. प्रस्तुत लेखकाला मात्र दुसऱ्या पक्षाचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे वाटत नाही. देणगी मुलांसाठी दिलेली होती. दात्री १९३२ मध्ये निवर्तल्यावर तिच्या हेतूचा अर्थ कोणी लावायचा? शिवाय अपंगांना व वृद्धांना उतरता येईल असा शांत किनारा खडकाळ ला होयात विरळाच. तरीही सीलांची बाजू जड ठरते, ती वेळापत्रकामुळे. माणसाला पोहायला बारा महिने आणि मैलोगणती किनारा मोकळा आहे. सीलच्या मादीचा विणीचा हंगाम तेवढा ठरलेला. शहराने नेमका हाच धागा पकडला. २०१४ साली १५ डिसेंबर ते १५ मे एवढा काळ पुळण माणसांना बंद करण्याचे ठरले व किनारा आयोगाने त्यास संमती दिली.

यावरही दावा झाला. २०१६ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने बंदी रद्द केली, २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ती पुन्हा वैध ठरविली. विणीच्या दिवसांत माणसे भिंतीवरून पाहतात. एरवी सीलांच्या बाजूने दोर बांधलेला असतो आणि त्यातील मोकळ्या वाटेने ज्याला पाण्यात जायचे तो जातो.