समोरून ट्रक आला नव्हता

गोविंदपुरा, भोपाळ
14 डिसेंबर

चि. सोनूस,


खुशाली मागाहून लिहितो. आधी एकच विचारतो, टायर बदललेस का?

तू आईला फोनवर सांगितलंस की पुलावर गाडी "थोडी सरकली". तुझ्या इंदूरच्या आत्याला तिच्या मुलाकडून कळलं ते वेगळंच आहे, आणि तो तुझ्या शेजारी बसला होता. रात्रीचे साडेअकरा, वरून बर्फ पडतोय, तुम्ही नायगाऱ्याहून बफेलोला परत येताय आणि ग्रँड आयलंडच्या पुलावर गाडी गर्रकन फिरून आडवी उभी राहिली. मागचा गाडीवाला वेळेवर थांबला म्हणून आज हे पत्र या सुरात लिहितोय. आत्या काल फोनवर रडत होती. तुझ्या बाबांना तिने अजून सांगितलेलं नाही, मीही सांगितलेलं नाही.

मी हिशोब केला. तुमच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते तेव्हा इथे सकाळचे दहा झाले होते. मी पिपलानीच्या बाजारात मटार घेत होतो. आपल्या माणसावर वेळ आली की मनाला कळतं म्हणतात. मला काही कळलं नाही रे. मी भाव करत होतो, कोवळ्या शेंगा निवडून पिशवीत टाकत होतो. दोन दिवस तेच मनात घोळतंय.

तो रिकाम्या पार्किंगमधला व्हिडिओही पाहिला. गाडी गोल गोल फिरतेय, बर्फ उडतोय आणि तुम्ही सगळे ओरडताय. खाली तू लिहिलं होतंस, मस्टँगला बर्फ आवडतो. नाही सोनू, तिला बर्फ आवडत नाही. ती गाडी मागच्या चाकांवर चालते. इंजिनाचं ओझं पुढे आणि जोर मागे, जिथे दाबून धरायला वजनच कमी. मारुती आली तेव्हा, 1983 साली, आम्ही सगळे तिला डबा म्हणत होतो, पण तिचं इंजिन ज्या चाकांवर बसलेलं तीच चाकं तिला ओढायची. पावसाळ्यात चिखलातून ती निघून जायची आणि आमच्या फिएट-अँबेसेडर मागची चाकं नुसती गरगरवत बसायच्या. तुझ्या गाडीची ताकद त्या फिएटच्या कितीतरी पट. निसरड्यावर ती ताकद उपयोगाची नाही, तीच धोक्याची आहे.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. भेलमधली माझी सगळी नोकरी ट्रॅक्शन मोटरच्या कामात गेली, तुला माहीत आहे. लहानपणी तू मला विचारायचास की रेल्वेचं इंजिन एवढे डबे कसं ओढतं. मी सांगायचो, मोटर ओढत नाही, चाक आणि रूळ यांच्यामधली पकड ओढते. पकडीपेक्षा जोर जास्त झाला की चाक जागच्या जागी फिरतं. मग हजारो अश्वशक्ती असली तरी गाडी हलत नाही. म्हणून आजही इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात. चाक घसरायला लागलं की ड्रायव्हर रुळावर चाकापुढे वाळू सोडतो. एवढ्या मोठ्या यंत्राला शेवटी मूठभर वाळूच लागते. तुला हे तेव्हा फार आवडलं होतं, चार दिवस तू अंगणात वाळू घेऊन ट्रायसिकल चालवत होतास.

तू म्हणशील, काका, गाडीत स्नो मोड आहे. असेल. तो अॅक्सिलरेटर मऊ करतो, जोर जपून सोडतो. पण खालचं रबर तो बदलत नाही. आणि तुझ्या गाडीला अजून ते उन्हाळी टायर आहेत, रुंद, गुळगुळीत, तू ज्यांचा फोटो ऑगस्टमध्ये कौतुकाने पाठवला होतास ते. साधारण सात अंशांच्या खाली ते रबर कडक व्हायला लागतं. भोपाळमध्ये आज सकाळी आठ-नऊ अंश होते आणि मी कानटोपी घालून फिरलो. तुमच्याकडे पारा शून्याच्या खाली राहतो. त्या थंडीत तो टायर लाकडाच्या चाकासारखा होतो. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. टायरच्या बाजूला डोंगराचं चित्र आणि त्यात हिमाचं फूल असतं, ते पाहूनच घे. दोन नाही, चार. मागे दोनच लावलेस तर गाडी निघेल छान, पण वळताना आणि थांबताना पुढची चाकं तुझं ऐकणार नाहीत.

आणि पूल. तुला वाटलं असेल रस्ता ठीक होता, पुलावरच काय झालं? रस्त्याखाली जमीन असते, ती थोडी ऊब धरून ठेवते. पुलाला वरून वारा, खालून वारा. तो आधी गोठतो आणि वर बर्फाची अशी पातळ काच धरते की दिव्यात ती नुसती ओली दिसते. त्या काचेवर तू पाय दाबलास. बफेलो म्हणजे तर ईरी तळ्याचं गाव. तळं गोठायच्या आधी त्याच्यावरून थंड वारा येतो, पाण्याची वाफ उचलतो आणि तुमच्या डोक्यावर बर्फ करून टाकतो. वर्षाला सरासरी आठ फुटांच्या आसपास. एका मोहल्ल्यात ऊन आणि दोन मैलांवर समोरचं दिसत नाही, असं तूच मला सांगितलंस. 2022 च्या नाताळात तिथे जे वादळ आलं त्यात चाळीसहून जास्त माणसं गेली. काही आपापल्या गाडीतच सापडली. अँब्युलन्सना, आगीच्या बंबांनाही रस्ता नव्हता. त्यातली बरीच माणसं तिथलीच होती, बर्फात वाढलेली. आणि तू त्या गावात दुसराच हिवाळा काढतोयस.

आता एक गोष्ट सांगतो. तुला ती माहीत आहे, पण खोटी माहीत आहे.

बाबांचा डावा हात कोपरात सरळ होत नाही. होशंगाबादच्या रस्त्यावर समोरून ट्रक आला, मोठ्या काकांनी शिताफीने गाडी वळवली म्हणून दोघं वाचले, हे तू आजीकडून किती वेळा ऐकलंस. सोनू, समोरून ट्रक आला नव्हता.

1978 चा जुलै. मी बावीस वर्षांचा, तुझे बाबा तेरा. मित्राच्या थोरल्या भावाची फिएट मी मागून आणली होती. नर्मदेवर गेलो, घाटावर भजी खाल्ली, परत निघालो. बुधनी सोडल्यावर सागाचं जंगल लागतं, वळणं लागतात. पाऊस नुकताच सुरू झालेला आणि बैलगाड्यांनी रस्त्यावर आणलेली काळी माती त्यात भिजलेली. ती माती तू पाहिली आहेस, लोण्यासारखी होते. बाबा मागच्या सीटवर होते. दोनदा म्हणाले, दादा, हळू. मला त्यांना दाखवायचं होतं. काय दाखवायचं होतं ते आज सत्तरीच्या उंबरठ्यावर मला सांगता येत नाही. एका वळणावर गाडीचं बूड सरकलं आणि मी घाबरून ब्रेकवर उभा राहिलो. तेच करायचं नव्हतं. गाडी स्वतःभोवती फिरली आणि मागच्या डाव्या दाराने एका सागावर जाऊन आदळली. बाबा त्याच दाराला टेकून बसले होते.

ट्रक आला तो नंतर. त्यात एक सरदारजी होता. त्याने गाडी थांबवली, बाबांना स्वतःच्या मांडीवर घेतलं, क्लीनरला चालवायला बसवलं आणि आम्हाला थेट भोपाळला इस्पितळात आणलं. पैसे घेतले नाहीत. आबा पोचायच्या आत निघूनही गेला. रात्री आबांनी विचारलं तेव्हा खाटेवरून बाबाच म्हणाले, समोरून ट्रक आला, दादाने वाचवलं. तेरा वर्षांचं पोर. आणि मी गप्प राहिलो. पुढे त्या ट्रकवाल्याला आपल्या घरात सगळ्यांनी शिव्या दिल्या, आजीने तर मरेपर्यंत दिल्या, आणि मी प्रत्येक वेळी ऐकत बसलो.

बाबा डावखुरे होते. बरखेड्याच्या मैदानावर ते फिरकी टाकायचे तेव्हा मोठी मुलं बघायला थांबायची. कपाटावरचा तो छोटा कप त्याच वर्षीचा आहे, पावसाळ्याआधीचा. त्यानंतर त्यांनी चेंडू हातात घेतला नाही. मला एकदाही बोलले नाहीत. तू लहान असताना ते तुला उजव्या हाताने चेंडू टाकायचे आणि तो वाकडा जायचा, तेव्हा मी उठून आत जायचो. तुला वाटायचं काकांना क्रिकेट आवडत नाही.

आत्याचा मुलगा तुझ्या शेजारी बसला होता हे कळलं आणि मला मागची सीट आठवली. तुला एवढं कठोर लिहितोय ते यासाठी. तुझं काय होईल ही भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती आहे ती तुझ्या शेजारी बसलेल्याचं काही झालं आणि तू वाचलास तर. तसं जगणं मी केलंय.

आता रागावणं पुरे. त्या व्हिडिओबद्दल जे लिहिलं ते थोडं मागे घेतो. पार्किंग रिकामं होतं आणि खांब लांब होते, हे मी दुसऱ्यांदा पाहिल्यावर दिसलं. गाडी घसरते म्हणजे काय होतं ते पायाला आणि पाठीला तिथेच कळू शकतं. मला कुणी असं मैदान दिलं असतं तर! तिथेच शिक, पण एकट्याने आणि हळू. बूड सरकलं की पाय अॅक्सिलरेटरवरून अलगद काढ, ब्रेकला हात-पाय लावू नकोस, नजर जिकडे जायचंय तिकडे ठेव आणि स्टिअरिंग तिकडेच वळव. गाडी सावरते आहे असं वाटलं की लगेच सरळ कर, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला झोला खाते आणि तो पहिल्यापेक्षा जोराचा असतो. तुझी गिअरची गाडी आहे, म्हणून आणखी एक. उतारावर एकदम खालचा गिअर टाकून क्लच सोडू नकोस, मागची चाकं जखडतात. निघताना दुसऱ्या गिअरवर, पावलाखाली अंडं असल्यासारखा निघ. डिकीत वाळूची दोन पोती ठेव, मागच्या चाकांच्या वर येतील अशी, आणि बांधून. वजनही होईल आणि अडकलास तर चाकाखाली टाकायला वाळूही होईल. थंडीत टायरची हवा आपोआप उतरते, पारा साडेपाच-सहा अंश खाली गेला की जवळजवळ एक पाउंड, तेही बघत जा.

पण हे सगळं चार टायर बदलल्यावर. त्याआधी ती गाडी घराबाहेर काढू नकोस, बसने जा. टायरना पैसे लागतील, तुझी शिष्यवृत्ती मला माहीत आहे. मी बँकेत विचारून आलोय, पैसे पाठवता येतात. बाबांना कळवायची गरज नाही. पुलाचं मात्र त्यांना तू स्वतः सांग, "थोडी" हा शब्द न वापरता. ते रागावणार नाहीत. त्यांना गाडी फिरण्याबद्दल तुझ्या-माझ्याहून जास्त माहीत आहे. आणि ट्रकचं मी त्यांच्याशी बोलणार आहे. येत्या रविवारी ते इकडे येतायत, आबांच्या जुन्या क्वार्टरपाशी फिरायला जाऊ तेव्हा.

आजीची गोधडी तू नेली आहेस ना, ती हिरव्या काठांची? ती कपाटात ठेवू नकोस, गाडीत ठेव. कधी वादळात अडकलास तर गाडी सोडून चालत निघू नकोस, गोधडी पांघरून आत बस. ऊब यावी म्हणून इंजिन लावायची वेळ आली तर आधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड बर्फातून मोकळं कर, मगच चावी फिरव. धूर आत शिरला तर कळतही नाही, झोप लागते. काच बोटभर उघडी ठेव. आणि फोन कर. तुझी रात्र म्हणजे माझी सकाळ, मी जागाच असतो, कितीही वेळ बोलत राहीन.

तुझी गाडी सुंदर आहे. हे मी ऑगस्टमध्ये म्हणालो नाही, कारण आई शेजारी उभी होती. तो निळा रंग मलाही फार आवडला. मार्चमध्ये बर्फ गेला, रस्ता कोरडा झाला की खिडक्या उघडून तिला तळ्याच्या काठाने लांबवर ने, आणि मला व्हिडिओ पाठव, इंजिनाचा आवाज ऐकायचाय.

टायर बसवलेस की फोटो पाठव, डोंगर आणि फूल दिसेल असा. शेजारी तूही उभा राहा, टोपी घालून. दिवाळीनंतर तुझा चेहरा नीट पाहिलेला नाही.

तुझा,
मोठे काका